आधी बघा तरी

धाराशिव जिल्ह्यात कळंब तालुक्यातल्या एका गावात दोघी जावा एकाच घरात नांदत होत्या. चूल एक, धुणं एकत्र, आणि पोरं अशी मिसळलेली की पाहुण्याला कोण कुणाचं ते कळू नये. तरी दोघींनी एकमेकींपासून एक गोष्ट दडवली होती. दोघींच्याही अंगावरून जात होतं.

धाकटी बत्तिशीची. दसरा झाला की नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायची, ती पाडव्याच्या आगेमागे परतायची. फडात आडोसा नाही, धुवायला पुरेसं पाणी नाही. पाळी असली तरी मोळी डोक्यावर घ्यायचीच, कारण एक दिवस बसलं की खाडा पडतो आणि तो पैसा हिशेबातून कापला जातो. दोन हंगामांपासून तिच्या अंगावर पांढरं जात होतं, खाज सुटायची, कंबर भरून यायची.

थोरली एकावन्न वर्षांची. पाळी जाऊन तीन वर्षं झाली होती. पावसाळा लागला तेव्हा लुगड्यावर पहिला लाल डाग दिसला. मग अधूनमधून पाण्यासारखं जाऊ लागलं, त्याला वास येऊ लागला. नवऱ्याजवळ गेलं की रक्त दिसायचं, म्हणून तिनं जवळ जाणंच टाळलं. ‘उष्णता झाली असेल’ असं स्वतःला सांगून तिनं सब्जा भिजवून प्यायला. कापड रात्री सगळे झोपल्यावर धुऊन गोठ्यात वाळत घातलं. पाळी गेलेल्या बाईनं पुन्हा या गोष्टी बोलायच्या कुणाजवळ? सुनेजवळ, की लेकाजवळ?

धाकटी अखेर बोलली, कारण तिला हंगामाला जायचं होतं. नवरा तिला तालुक्याच्या गावातल्या एका दवाखान्यात घेऊन गेला. पोटावरून सोनोग्राफी झाली. टेबलावर झोपवून आतून तपासणं झालं नाही. कागदाकडे बघत डॉक्टर म्हणाले, “पिशवीला सूज आहे. दोन मुलं झालीत ना? मग काढून टाका. ठेवलीत तर पुढं कॅन्सर होईल.”

कॅन्सर हा शब्द ऐकल्यावर पुढचं काही ऐकू येत नाही. नवऱ्यानं मुकादमाला फोन लावला. मुकादम तयारच होता. ऑपरेशनचा खर्च उचलीत धरू, म्हणाला. पिशवी गेली की पाळी गेली, पाळी गेली की खाडे गेले. त्याचा हिशेब सरळ होता.

हा हिशेब एका घरापुरता नाही. २०१९ साली शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड बायकांची सरकारी पाहणी झाली. सुमारे ८२ हजार बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. यांतल्या किती जणींना खरोखर ऑपरेशनची गरज होती? त्यांच्या गर्भाशयाच्या तोंडाकडे कुणी एकदा तरी उजेड पाडून बघितलं होतं का? हे प्रश्न मला अजून सोडत नाहीत. गर्भाशयमुखाचा कॅन्सर जिथं सुरू होतो ती जागा योनीमार्गातून साध्या उपकरणानं डोळ्यांना दिसते. पोटावरच्या सोनोग्राफीत सुरुवातीचा आजार दिसत नाही. आणि पांढरं जाणं हे बहुतेक वेळा जंतुसंसर्गाचं लक्षण असतं, कॅन्सरचं नव्हे.

घरात ऑपरेशनची तारीख ठरत होती तेव्हा सासू दाण्याच्या शेंगा फोडत बसली होती. सत्तरी ओलांडलेली बाई. फारसं बोलायची नाही. तिनं हातातली शेंग खाली ठेवली आणि विचारलं, “आतून बघितलं का कुणी तुला?”

“नाही आत्याबाई. मशीननं बघितलं पोटावरनं.”

“मग कशाची काढायची पिशवी? आधी बघा तरी!”

त्या संध्याकाळी सासूनं आजवर कुणाला न सांगितलेली गोष्ट सांगितली. पंचवीसेक वर्षांपूर्वी, जिल्ह्याला उस्मानाबाद म्हणत तेव्हा, बार्शीच्या कॅन्सर रुग्णालयाची माणसं गावोगाव फिरत होती. तीस ते एकोणसाठ वयाच्या बायकांची यादी करायची आणि घरोघरी जाऊन तपासणीला बोलवायचं. सासू दोनदा शेतात पळून गेली. तिसऱ्यांदा आलेली बाई बांधावर तिच्याशेजारी बसली आणि तूर खुडता खुडता बोलत राहिली. सासू गेली. आतल्या स्रावाचा नमुना घेतला. काही दिवसांनी निरोप आला, पुन्हा यावं लागेल. दुर्बिणीतून बघितलं, पिशवीच्या तोंडावर बिघडू लागलेल्या पेशींचा एक पट्टा होता. कॅन्सर नव्हे, त्याच्या कित्येक वर्षं आधीची पायरी. थंड नळी टेकवून तो भाग गोठवला. “पोटात जरा कळ आली. दुसऱ्या दिवशी मी चूल पेटवली,” सासू म्हणाली. “पिशवी आजही माझ्यापाशी आहे.”

सासूला ठाऊक नव्हतं, पण ती जगभर गाजलेल्या एका अभ्यासातली बाई होती. १९९९ पासून त्या जिल्ह्यातल्या ५२ गावगटांमधल्या १,३१,७४६ निरोगी बायका त्यात होत्या. मुंबईचं टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त स्मारक कॅन्सर रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी तो केला. निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. आयुष्यात एकदाच एचपीव्हीची, म्हणजे हा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूची, तपासणी केली आणि दोष सापडला तिथं उपचार केला, तर या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हे त्यातून दिसलं. एचपीव्ही गटात ३४ बायका दगावल्या, तपासणी न झालेल्या जवळपास तेवढ्याच मोठ्या गटात ६४. जगाला हे ज्ञान ज्या मातीतून मिळालं, त्याच मातीतल्या बाईला न तपासता ऑपरेशनच्या टेबलावर नेलं जावं, याचं दुःख मी सौम्य शब्दांत मांडू शकत नाही.

आशाताईला बोलावलं. ती म्हणाली, “ग्रामीण रुग्णालयात मंगळवारी बाई डॉक्टर असतात. आधी तिथं दाखवू, मग काय ते ठरवा.” धाकटीला एकटीला भीती वाटत होती म्हणून सासूनं थोरलीला बरोबर धाडलं. थोरली का-कू करत गेली.

तपासणीला पाच मिनिटं लागली. मॅडमनी उपकरण लावण्याआधी ते धाकटीला हातात घेऊन बघू दिलं, काय करणार ते सांगितलं. आतला स्राव बघितला, नमुना काचेवर घेतला. “संसर्ग आहे. सात दिवस गोळ्या घ्या. नवऱ्यालाही घ्याव्या लागतील, नाहीतर तो तुला परत देईल. दुखणं आहे ते मोळ्यांचं आणि रक्त कमी असल्याचं. पुढच्या आठवड्यात या, मग पिशवीचं तोंड नीट तपासते.”

मग मॅडमनी दाराशी उभ्या असलेल्या थोरलीकडे बघितलं. “आणि तुमचं काय, ताई?”

“मला काय होतंय? माझी पाळी कधीच गेली.”

“गेल्यावर पुन्हा कधी लाल गेलं?”

साधा प्रश्न. एवढ्या महिन्यांत तो कुणी विचारला नव्हता. थोरलीच्या तोंडून शब्द फुटेना. धाकटीनं तिचा हात धरला आणि म्हणाली, “अक्का, सांगा ना.”

उपकरण लावताच मॅडमना दिसायचं ते दिसलं. पिशवीच्या तोंडावर फुलकोबीसारखी वाढ होती, नुसत्या स्पर्शानं रक्त येत होतं. अशी वाढ डोळ्यांना दिसली की चाळणी तपासण्यांत वेळ घालवायचा नसतो, सरळ तुकडा काढून तपासायला पाठवायचा असतो. मॅडमनी तेच केलं, रक्त थांबवायला कापसाची पट्टी आत ठेवली आणि थोरलीला काही लपवून न ठेवता सांगितलं, “मला संशय आहे. तुकड्याचा रिपोर्ट आला की कळेल. तोवर कुणीही काही सांगितलं तरी पिशवीचं ऑपरेशन करून घ्यायचं नाही.”

पुढच्या आठवड्यात दोघी पुन्हा गेल्या. धाकटीचा संसर्ग उतरला होता. सिस्टरनी पिशवीच्या तोंडाला पातळ ॲसिटिक ॲसिड, म्हणजे स्वयंपाकातल्या व्हिनेगरच्या ताकदीचं, कापसानं लावलं आणि मिनिटभर थांबून बघितलं. पेशी बिघडू लागलेल्या असल्या तर तिथं ठळक काठाचा पांढरा डाग उठतो. धाकटीला काही उठलं नाही. उठलं असतं तरी तिची पिशवी काढावी लागली नसती. लहान डाग गरम टोकाच्या उपकरणानं मिनिटाभरात जाळता येतो, मोठा असेल तर तारेच्या वेटोळ्यानं तेवढाच भाग काढून तपासायला पाठवतात. ही व्हिनेगरची तपासणी करायला मोठा डॉक्टरच लागतो असंही नाही. टाटा रुग्णालयानं १९९८ पासून मुंबईच्या झोपडवस्त्यांत दहावी शिकलेल्या बायकांना ती शिकवली, आणि त्यांच्या हातून झालेल्या तपासण्यांनी या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.

थोरलीचा रिपोर्ट त्याच दिवशी हातात आला. कॅन्सर होता.

बार्शीला नेलं. तिथं डॉक्टरांनी योनीमार्गातून आणि गुदद्वारातून बोटानं तपासून आजार बाजूच्या ऊतींत किती शिरलाय ते पाहिलं, एमआरआय केला, मूत्रपिंडं नीट चालतायत का ते बघितलं. गाठ वाढली की लघवीच्या नळ्या दाबल्या जातात, म्हणून हे बघावंच लागतं. आजार पिशवीच्या तोंडापलीकडे, बाजूच्या ऊतींत शिरला होता. ओटीपोटाच्या भिंतीपर्यंत मात्र पोचला नव्हता. डॉक्टरांच्या भाषेत दुसरा टप्पा, ‘ब’ गट.

थोरलीचा नवरा म्हणाला, “साहेब, मग आजच पिशवी काढून टाका की. काय पैसे लागतील ते लावतो.”

ज्या घरात निरोगी बाईची पिशवी काढायची तयारी झाली होती, त्याच घराला आता आजारी बाईची पिशवी काढायची नाही हे समजून घ्यायचं होतं. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढलं. आजार अगदी लहान, तोंडापुरता असेल तेव्हा ऑपरेशन चालतं, आणि तेही साधं नव्हे. आजूबाजूच्या ऊती आणि गाठी काढणारं मोठं ऑपरेशन, जे या कामात मुरलेल्या सर्जननंच करायचं. बाजूला शिरलेला आजार सुरीनं पुरता निघत नाही. पिशवी कापली तर आजार मागं उरतो. शिवाय आतून शेक, म्हणजे किरणोपचार, द्यायची नळी ज्या पोकळीत ठेवायची, ती पोकळीच राहत नाही. तुकडा न तपासता घाईनं पिशवी काढलेल्या आणि नंतर रिपोर्टमध्ये कॅन्सर निघालेल्या बायका त्यांच्याकडे येतात. त्यांचा इलाज फार अवघड होऊन बसतो.

म्हणून शेक ठरला. पाच आठवडे, सोमवार ते शुक्रवार, बाहेरून पंचवीस वेळा. आठवड्यातून एकदा सलाईनमधून सिस्प्लॅटिन, जे शेकाची धार वाढवतं. शेवटी आतून शेक, म्हणजे ब्रॅकीथेरपी. ती टाळली तर बाहेरच्या शेकाचं बरंचसं फळ वाया जातं, असं डॉक्टर पुन्हा पुन्हा बजावत होते. सगळं मिळून आठ आठवड्यांच्या आत संपलं पाहिजे. खंड पडला तर उरलेल्या पेशी पुन्हा जोर धरतात. थोरलीचं हिमोग्लोबिन सातच्या खाली होतं, आधी रक्त चढवलं. खर्च महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून झाला. रेशनकार्ड आणि आधार वेळेवर दिलं एवढंच घरच्यांना करावं लागलं.

तिसऱ्या आठवड्यात जुलाब लागले, लघवीला आग होऊ लागली. थोरली म्हणाली, मला घरी न्या. भावकीतला एक जण बाऊ करून गेला, शेकानं माणूस जळतो, गावठी औषध घेऊ. धाकटीनं त्या हंगामाला ऊस तोडायला जायचं रद्द केलं होतं. ती थोरलीजवळ धर्मशाळेत राहिली, ताक-भात भरवला, डॉक्टरांकडून जुलाबाच्या गोळ्या आणल्या आणि एकही शेक चुकू दिला नाही. मुकादमाची उचल तिनं घेतलीच नव्हती, म्हणून तिला राहता आलं. पिशवीच्या ऑपरेशनसाठी ती घेतली असती, तर तेव्हा ती टाके पोटावर घेऊन फडात असती.

घरी एक कडू प्रसंगही झाला. हा आजार विषाणूनं होतो हे कळल्यावर थोरलीचा लेक आईकडे आणि बापाकडे वेगळ्या नजरेनं बघू लागला. पुढच्या भेटीत डॉक्टरांनी त्याला समोर बसवलं. “लग्न झालेल्या बहुतेक सगळ्या माणसांच्या अंगात हा विषाणू कधी ना कधी येऊन जातो. शरीर वर्ष-दोन वर्षांत त्याला हाकलतं. थोड्या जणींमध्ये तो ठाण मांडतो आणि पेशी बिघडवायला दहा-पंधरा वर्षं घेतो. कुणाकडून आला, कधी आला, हे सांगणारी तपासणी जगात नाही. आईच्या वागण्याचा निवाडा या रिपोर्टवरून करू नकोस.” लेक मान खाली घालून ऐकत होता. मग त्यानं विचारलं, माझ्या मुलीचं काय? ती दहा वर्षांची होती. नऊ ते चौदा या वयात लस दिली तर सगळ्यात जास्त फायदा होतो, असं डॉक्टर म्हणाले. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची लस २०२३ पासून देशात आहे. पण लस घेतलेल्या मुलीनंही तिशीनंतर तपासणी करून घ्यायचीच, कारण लस सगळ्या प्रकारच्या एचपीव्हीला अडवत नाही.

उपचार संपल्यावर तीन महिन्यांनी थोरलीला तपासलं. वाढ दिसली नाही. तिला अजून ठरलेल्या तारखांना जावं लागतं, आणि जावंच लागेल. या टप्प्यावर पूर्ण उपचार घेतलेल्या निम्म्याहून जास्त बायका पाच वर्षं आणि त्यापुढेही जगतात. हे मी आनंदानं लिहितो, पण त्याचबरोबर हेही लिहिलं पाहिजे की दहा वर्षांपूर्वी कुणी एकदा बघितलं असतं, तर तिचं दुखणं सासूसारखं एका सकाळीत मिटलं असतं. थोरलीच्या गावातल्या उपकेंद्रात ती तपासणी होते, तीस ते पासष्ट वयाच्या प्रत्येक बाईसाठी, दर पाच वर्षांनी, फुकट. तिथं ती कधी गेली नव्हती, आणि तिला कुणी बोलावलंही नव्हतं.

२०२२ च्या अंदाजानुसार भारतात एका वर्षात सव्वा लाखाहून अधिक बायकांना हा कॅन्सर झाला आणि सुमारे ऐंशी हजार जणी त्यानं गेल्या. तुमच्या घरातल्या तिशी ओलांडलेल्या बाईला या महिन्यात उपकेंद्रात घेऊन जा. पाळी गेलेल्या आईला, सासूला, चुलतीला लाज बाजूला ठेवून विचारा की पुन्हा लाल जातं का. आणि कुणी पिशवी काढायला सांगितली असेल, तर सही करण्याआधी आतून तपासलं का आणि गरज होती तिथं तुकडा पाठवला का, हे डॉक्टरांना विचारा. उत्तर ‘नाही’ आलं तर कागद परत द्या आणि दुसऱ्या डॉक्टरांकडे जा.